वीस थेंब

"अठरा, एकोणीस, वीस." व्हर्लिनने मोठ्याने मोजून थेंब टाकले, बाटली खाली ठेवली आणि कढत प्लास्टिक ढवळलं. रंग आला तो पाणी घातलेल्या सरबतासारखा, फिका जांभळा. सकाळपासूनची ही तिसरी खेप. साच्यातून निघालेली गांडुळंही तशीच, महिनाभर अंथरुणाला खिळल्यासारखी.

खरं तर व्हर्लिनच्या घरच्या जांभळ्या गांडुळांचं टेनेसी नदीवरच्या एका तळ्याभर नाव होतं. गळाला लावायची ही मऊ प्लास्टिकची गांडुळं जवळजवळ काळी असत, उन्हात धरली तरच जांभळी दिसत, आणि बास मासा त्यांच्यावर डोळे मिटून झडप घाली. प्लास्टिक वितळवणं आणि साच्यात ओतणं व्हर्लिनचं काम. रंग घालणं त्याच्या बायकोचं, ओपलचं. भांड्याला वीस थेंब, एक कमी नाही की एक जास्त नाही. असं चाळीस वर्षं चाललं.

गेल्या हिवाळ्यात गांडुळं फिकी यायला लागली. गिऱ्हाइकं नाकं मुरडू लागली. व्हर्लिनने आधी थट्टा केली, मग आवाज चढवला. "वीसपर्यंत मोजता येईना का आता तुला?" ओपल म्हणायची, वीसच घातले मी. पुढे म्हणायला लागली, वीसच घातले असतील. मग काहीच म्हणेनाशी झाली. व्हर्लिनने मुलीला, जनेलला, फोन करून सांगितलं की आईचं डोकं चालेनासं झालंय. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, घाबरून तिची दोन उत्तरं चुकली आणि झालं. विसराळू म्हाताऱ्यांसाठी गावाबाहेर एक घर आहे, तिथे तिला ठेवून आता सव्वा महिना झाला होता. सामान गाडीत चढवताना ती भांडली नाही की रडली नाही. व्हर्लिनला तेही आजाराचंच लक्षण वाटलं.

"तुझी गांडुळं तरी कुठं बाळसं धरतायत?" दारातून शेजारचा डॉयल म्हणाला. तो रोज या वेळेला कॉफी प्यायला आणि खोड्या काढायला यायचा.

"मी वीस मोजले, डॉयल. तिन्ही वेळा. अगदी देवाशपथ."

डॉयलने रंगाची बाटली उचलली, खिडकीशी धरली आणि उलटी केली. वरचं पातळ तेल खाली आलं. तळाला मात्र बोटभर जाडीचा काळाजांभळा गाळ चिकटून राहिला, जागचा हलेना.

"अरे गाढवा, ही हलवलीस तरी का? रंग सगळा खाली बसलाय. तू आपला वरचं तेल मोजतोयस."

व्हर्लिनने बाटली घेतली आणि हलवली. रंग ढवळला जावा म्हणून आत टाकलेली पोलादी गोळी गाळात रुतली होती, सुटायला वेळ लागला. मग ती वाजायला लागली. खडखड, खडखड. तो आवाज त्याला चांगलाच ठाऊक होता. इतकी वर्षं रोज सकाळी तो भिंतीपलीकडून येत असे, आणि रोजचाच म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष देत नसे. बंद कधी झाला? हिवाळ्यातच. बंद झाल्याचंही व्हर्लिनला कळलं नव्हतं.

पुढच्या भांड्यात त्याने वीसच थेंब टाकले. रंग काळाभोर आला.

"ती वीसच घालत होती रे," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

तासाभरात व्हर्लिनची गाडी त्या घराच्या दारात उभी होती. ओपल जेवायच्या टेबलाशी एकटीच बसली होती. ताटलीतले वाटाणे तिने काट्याने ओळीत लावले होते आणि ओठ हलवत ती ते मोजत होती. पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.

"ओपल," तो तिच्या शेजारी बसत म्हणाला, "तुझं मोजणं बरोबर होतं. रंग तळाला बसला होता, एवढंच. चल, ऊठ. घरी जाऊ."

तिने आधी वाटाणे मोजून संपवले. "जनेलला विचारून घे बाबा," ती म्हणाली. "माझं हल्ली चुकतं. काल इथल्या बाईंनी वार विचारला. मी मंगळवार म्हणाले. मंगळवारच होता म्हणे. पण मला काही खात्री वाटेना."

हे कुठल्या आजाराने केलं नव्हतं. हे त्याने केलं होतं, रोज थोडं थोडं, नाश्त्याच्या टेबलाशी बसून.

"तू नाही चुकलीस. मी चुकलो."

"असेल," ती समजूत घातल्यासारखं म्हणाली.

"पण मग ती बाटली हलवायची का सोडलीस गं? सगळा जन्म हलवत होतीस की."

इथे आल्यापासून ओपल साध्या साध्या उत्तरालाही अडखळत होती. या उत्तराला अडखळली नाही.

"तू हिवाळ्यात हृदयाचं ऑपरेशन करून घरी आलास ना, तेव्हा भिंतीपलीकडे निजायचास," ती म्हणाली. "गोळी वाजली की दचकून छाती धरायचास. मग मी बाटली नुसती तळहातांत फिरवायला लागले, तुझी झोप मोडू नये म्हणून."