नऊ म्हणजे नऊ

कोटाचं वरचं बटण लावताना तिची बोटं बाबांच्या गार पडलेल्या गळ्याला लागली आणि तिने हात झटकन मागे घेतला. बाबा पहाटेच गेले होते. आता सात वाजत आले होते. सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर, उघडायची वेळ झाली होती.

गावात त्यांच्या ज्यू समाजाचे दहाच पुरुष उरले होते. बाकीचे केव्हाच परदेशी गेले. दहा पुरुष जमले तरच मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, कद्दिश, म्हणता येते. बायका त्यात धरत नाहीत. म्हणजे बाबा गेले की उरले नऊच! अर्धांगवायू झालेला असताना दोन वर्षं तिचा हा शिंपी बाप चाकाच्या खुर्चीतून आला, दुसऱ्यांसाठी दहावा झाला. आणि त्याच्याच वाट्याला काही नाही? हा कुठला न्याय?

प्रार्थना चालवायचे बेकरीवाले काका. नियमाला भलतेच पक्के. मोच्याची बायको गेली तेव्हा एक जण तापाने फणफणला होता. काकांनी सगळ्यांना घरी पाठवलं. "नऊ म्हणजे नऊ." मोची पायरीवर बसून ढसाढसा रडला, पण काका ढिम्म हलले नाहीत.

तिने बाबांच्या अंगाभोवती प्रार्थनेची शाल गुंडाळली, टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि खुर्ची ढकलत निघाली.

काका दारातच उभे होते. "काय शिंपीबुवा, आज इथेही झोप?" रोजच्यासारखा त्यांनी वाकून बाबांचा हात हातात घेतला.

"रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता त्यांच्या," ती घाईघाईने म्हणाली. "काका, आज आईसाठी कद्दिश म्हणाल? तिचा स्मृतिदिन आहे."

काकांनी बाबांचा हात हळूच शालीखाली ठेवला. "वर जाऊन बस, पोरी."

वर बायकांचा सज्जा होता. तिथे ती एकटीच. खाली काका मोजायला लागले. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, अशी रीत. दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं, माणसागणिक एक शब्द. नववा शब्द मोच्यावर पडला. काका खुर्चीपाशी येऊन थांबले. थांबलेच. एवढं करून मुसळ केरात! तिने कठडा घट्ट धरला.

काकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दहावा शब्द म्हटला.

वर काही नीट ऐकू येत नव्हतं. माना खाली गेल्या, कद्दिश झाली, एवढंच तिला दिसलं. लोक पांगल्यावर ती धडपडत खाली आली.

"काका, मी पाप केलं. बाबा..."

"तुझ्या आईचा दिवस हिवाळ्यात येतो, आज नाही, पोरी," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी नाव तुझ्या बाबांचंच घेतलं. सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांनी आमेन म्हटलं. सगळ्यात मोठ्याने मोची."