पहिलीतली दुभाषी

आई स्कॉटलंडच्या लुईस बेटावरची. बहिणींशी फोनवर तिथली गेलिक भाषा बोलायची, माझ्याशी मात्र इंग्रजीच. शहरात पोरीचं अडू नये म्हणून. माझ्या सोर्चाला मी ग्लासगोतल्या गेलिक शाळेत घातलं, तेव्हा हसली होती. "कुणाशी बोलणार आहे गं ती? कबुतरांशी?"

मग अर्धांगाचा झटका आला आणि आईचं इंग्रजी पुसलं गेलं. उरली ती गेलिक. बहिणी केव्हाच गेलेल्या, वॉर्डात ती भाषा कुणालाच येत नाही. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत.

आज शाळा सुटल्यावर सोर्चाला थेट आईच्या उशाशी नेलं. आईने माझा हात धरला आणि माझ्याकडे बघत कितीतरी वेळ बोलत राहिली. बोलता बोलता रडली.

"काय म्हणतेय गं आजी?"

सोर्चाने अगदी आठ्या घालून ऐकलं होतं. "आधी म्हणाली, 'तू लहान होतीस.' मग शेवटी 'घर' म्हणाली."

"आणि मधलं?"

"मधलं आम्हांला अजून शिकवलं नाही." माझा चेहरा बघून तिने माझ्या गालावर हात ठेवला. "रडू नको ना, आई. दुसरीत गेले की सांगते."