लांब बाह्यांची फॅशन

लेकीनं सुटकेस उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला.

वृद्धाश्रमातली ही खोली मुद्दाम सजवलेली होती. भिंतीवर पन्नास वर्षांपूर्वीची कॅलेंडरं, कोपऱ्यात पायानं चालवायचं शिवणयंत्र, तबकडी फिरवायचा काळा फोन. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांना रोज तासभर इथं आणून बसवायचे. जुन्या वस्तू दिसल्या की माणसं बोलायला लागतात, असा सिस्टरचा अनुभव होता. "घरचं काही असेल तर आणा," असं त्यांनीच लेकीला फोनवर सांगितलं होतं.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. चार महिन्यांत ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. जेवताना चमचाही दुसऱ्याला धरावा लागायचा. तशी सुखात होती. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघून हसायची.

"हा आईचा चष्मा," लेक एकेक वस्तू टेबलावर मांडत म्हणाली. "मांजरीच्या डोळ्यांसारखा. आणि ही अंबाड्यात घालायची जाळी. एवढा उंच अंबाडा, सिस्टर! दारातून जाताना आता वाकते की काय असं वाटायचं."

सिस्टर हसल्या.

"आणि बाबा तर हिरोच. कल्ले इथपर्यंत. बेलबॉटम इतकी रुंद, की चालताना रस्ता झाडून निघायचा. सगळी गल्ली त्यांच्यावर खूश. संध्याकाळी ते घरी आले की हा लागायचा, अगदी मोठ्यानं." तिनं चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर बाहेर काढला. "शेजाऱ्यांना वेगळा घ्यायची गरजच पडली नाही. दुरुस्त करून आणलाय."

सगळ्यात खाली घडी घातलेला ब्लाउज होता. गडद निळा, लांब बाह्यांचा, मनगटाशी तीन-तीन बटणं.

"हा म्हणजे तर इतिहास आहे! त्या वेळी सगळ्या बायका बिनबाह्यांचे घालायच्या. आणि आमच्या आईचे भर उन्हाळ्यात हे असे, पार मनगटापर्यंत. आधी हसल्या सगळ्या. मग एकेकजण शिंप्याकडे जाऊन सांगायला लागली, त्यांच्यासारखा शिवून द्या म्हणून. दोन वर्षांत गल्लीत एकीचं कोपर दिसेना."

आईनं मान वळवली. ब्लाउजकडे बघत राहिली. मग सावकाश उजवा हात पुढे केला.

"ओळखला!" लेक जवळजवळ ओरडलीच. "आई, ओळखलास ना गं?"

दोघींनी मिळून तो गाउनवरूनच तिला चढवला. अंगात ढगळ होत होता. बटणं मात्र आईनं स्वतः लावली. एका हातानं, न बघता, तीन इकडची आणि तीन तिकडची. सिस्टर बघतच राहिल्या.

आईनं दोन्ही हात लेकीसमोर धरले.

"दिसतंय?"

चार महिन्यांनी आईचा आवाज ऐकून लेकीचे डोळे भरून आले. सिस्टर तर आनंदानं दारापर्यंत पोचल्यासुद्धा. "मी डॉक्टरांना घेऊन येते. त्यांना बघू दे!" जाता जाता त्यांनी ट्रान्झिस्टरचं बटण फिरवलं आणि आवाज वाढवून दिला.

"छान दिसतंय, आई. अगदी तेव्हासारखं."

"तसं नाही गं." आई बाही मनगटाखाली ओढत होती. "वळ. वळ दिसतोय का बाहेर?"

"कसला वळ?"

विचारलं आणि लेकीला वाटलं, विचारायला नको होतं.

आईचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती गाणं ऐकत होती. तिचे खांदे आत ओढले गेले, मान खाली गेली. खिडकीकडे तिनं पाठ केली आणि डोळे दारावर लावले.

"आले," ती म्हणाली.

लेकीनं झडप घालून ट्रान्झिस्टर बंद केला. खोली एकदम शांत झाली. त्या शांततेत आई आणखीनच आक्रसली.

"काढूया हे, आई. उकडतंय." लेक मनगटाची बटणं काढायला गेली. आईनं कफ मुठीत गच्च धरला. त्या काटकुळ्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. बोट न् बोट सोडवायचा प्रयत्न करून लेक थकली आणि खुर्चीसमोर जमिनीवरच बसली.

"आई, माझ्याकडे बघ. बाबा नाहीत आता. जाऊन अकरा वर्षं झाली त्यांना. कुणी येत नाहीये."

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. लहान मूल काहीतरी बडबडत असलं की हलवतात, तशी समजुतीनं मान हलवली. मग लेकीच्या पिकल्या केसांवरून हात फिरवला, कपाळावर आलेली बट कानामागे सारली.

"तू बाहेर जा खेळायला," ती हलक्या आवाजात म्हणाली. घाबरलेली नव्हती. रोजचं काम सांगावं तसं सांगत होती. "मी हाक मारीपर्यंत आत यायचं नाही. आणि जाताना दार ओढून घे."

छप्पन्न वर्षांची लेक मग उठली. बाहेर आली. दार ओढून घेतलं.

व्हरांड्यातून सिस्टर डॉक्टरांना घेऊन लगबगीनं येत होत्या.

"चला ना आत! आजी काय बोलताहेत अजून?"

लेक दाराला पाठ लावून उभी होती. ती जागची हलली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "तिनं अजून हाक नाही मारली."