कादंबरीतला खुनी

जिंतूरच्या वाचनालयातून राजेश्री रहस्यकादंबऱ्या आणायची आणि जेवताना नवऱ्याला आपलं मत ऐकवायची. परमेश्वरनं जन्मात पुस्तक हातात धरलं नव्हतं, पण हल्ली तो कान देऊन ऐकायचा. "मग खुनी सापडला कसा?" एवढं मात्र दर वेळी विचारायचा. उशिरा का होईना, नवरा बोलता झाला याचंच तिला अप्रूप.

आज भाकरी वाढताना तिनं नाक मुरडलं. "लय फालतू कादंबरी हाय बघा ही. नवरा बायकोला मारतो, अन् शेवटपर्यंत कुणाला संशयसुद्धा येत न्हाई. असं कुठं असतंय का?"

परमेश्वरनं ताटातच हात धुतला, टॉवेलला पुसला आणि पहिल्यांदाच तिच्यापुढं केला.



"दे बरं इकडं. वाचतो."