पाठीवरचा श्री

“जुने पॅड हातात घेतल्याशिवाय गॅरेज सोडू नकोस, लबाड जुनेच घासून बसवतात!” गाडीचे ब्रेक बदलायला आलेल्या वनजाक्काला दिवंगत यजमानांचे शब्द आठवले. ते हे काम स्वतःच करायचे आणि प्रत्येक पॅडच्या पाठीवर खिळ्याने ‘श्री’ कोरायचे. आज सासूबाईंना घाट उतरून कोल्लूरच्या देवीला न्यायचं कबूल केलं होतं. मेकॅनिक बशीरने अगदी थोड्या पैशांत नवे पॅड बसवून दिले, तिथेच मनात पाल चुकचुकली. “चाक खोल बघू.” “अक्का, देवीवर विश्वास, माझ्यावर नाही?” “देवी गॅरेज चालवत नाही.” चाक उतरलं, पॅड निघाला. पाठीवर ‘श्री’! “जुनाच बसवलास ना रे?” बशीरने झिजलेले जुने पॅड तिच्या ओंजळीत ठेवले. “यांच्यावरचं बघून नव्यांवर मीच कोरलं. जरा वाकडं आलंय.” खरंच वाकडं होतं. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून चाकांखाली लिंबं ठेवून तिने सासूबाईंना घ्यायला गाडी हळूच काढली.