देवकाची फांदी

"हीच आमची नेपती," माळावर विळा उगारत केरबातात्या म्हणाले. नातवाच्या लग्नात पूजायला कुळाचं देवक, म्हणजे नेपतीची फांदी, हवी होती. ती आणायचा मान घरातल्या पुरुषांचा. यंदा तात्यांचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून हौसाआजी आधाराला आल्या होत्या.

"अहो, ही वेडी बाभूळ! नेपतीला कधी पानं असतात? हिच्या पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, तुम्ही देव्हाऱ्यात बसवताय!"

"बायकांना काय कळतंय देवकातलं? आपल्या लग्नापासून घरातल्या सगळ्या लग्नांना मीच फांदी नेलीय. हिचीच."

आजी तडक ओढ्याकडे उतरल्या. माहेरी नेपतीच्या फळांचं लोणचं त्या चोरून खायच्या. काठावर बिनपानांचं, लाल फुलांनी पेटलेलं झुडूप दिसलं आणि ती चव जिभेवर आली. हात घालताच जोडकाट्यांनी पदर धरला.

तात्या लंगडत आले. त्यांनी झुडूप वरखाली न्याहाळलं आणि पदर सोडवायला घेतला. शेवटचा काटा काढताना पुटपुटले, "मग आपलं लग्न?"

"बाभळीच्या साक्षीनं लागलं की! म्हणून तर इतकी वर्षं टोचतंय, पण उपटून निघत नाही."