डंका बंद

शास्त्रज्ञ देवस्थळी केवळाबाईच्या दारात पोचले, पण तिच्या कुलूपबंद डंक्याकडे त्यांना बघवेना.

ऐन हंगामात त्यांनीच तिचा मिरच्या कांडायचा डंका बंद करायला लावला होता. कृष्णविवराभोवती गरगरणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्राला हादरे चालत नाहीत, असं समजावून.

डंका थांबला आणि यंत्रावर रोज दुपारी एक लय उमटू लागली. देवस्थळींनी पेढे वाटले. विवराला दुपारच का लागते, हे विचारायचं सुचलं नाही. काल कळलं, ती लय त्यांच्याच खोलीतल्या कूलरची होती.

केवळाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "ऐकू आलं का वो सायेब, तुमचं विवर?"

"नाही," ते खाली मान घालून म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "मंग आनखी म्हैनाभर ठिवू का बंद?"